शाडूचा गाडा

आमचे मालक माझ्याशी बोलत नाहीत, असं मी कुणाला सांगितलं तर लोक मलाच वेड्यात काढतील. कारण बोलतात की ते. ‘डबा भर.’ ‘टाकी भरली, मोटार बंद कर.’ ‘चार नंबरवाला खोली सोडतोय.’ पण एवढं तर भाडेकरूही बोलतो. मला नवरा पाहिजे होता, भाडेकरू माझ्याकडे भरपूर आहेत.

चाकणच्या कंपन्यांच्या मागे आमची वस्ती. वावर कंपन्यांत गेलं, उरलेल्या तुकड्यावर सासऱ्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या आणि खोल्यांच्या पाठीमागे गोठा तेवढा जुना राहिला. मालक, म्हणजे सयाजीराव, गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत शिफ्टला जातात. लेक दीपमाला कॉलेजसाठी आकुर्डीला हॉस्टेलवर असते. सासू-सासरे आता नाहीत. घरात आम्ही दोघं आणि गोठ्यात हौश्या, असा आमचा संसार होता.

हौश्या म्हणजे आमचा शर्यतीचा बैल. आमच्या भागातलं बैलगाड्याचं वेड बाहेरच्याला सांगून समजत नाही. चार बैल, त्यातली पुढची जोडी म्हणजे जुकाट, मागे हलका गाडा आणि समोर चढाचा घाट. खालून सुटायचं, वरचं निशाण गाठायचं, सेकंदांत निकाल. हौश्या जुकाटाला उजवीकडे पळायचा. बैलाचा खांदा ठरलेला असतो. उजव्या खांद्याचा बैल डावीकडे जुंपला तर तो पळत तर नाहीच, वर नवरदेवासारखा रुसतो.

मी मात्र त्याला घाटात पळताना प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही. आमच्या घरातल्या बायका घाटात जात नाहीत. का जात नाहीत, ते विचारायचं नसतं. मी स्वयंपाकघरात उभी राहून मोबाईलवर लाईव्ह बघायची, आणि नेमकी आमची बारी आली की ते मेलं अडकायचं. पण खुराक माझ्या हातचा होता. अंडी, दूध, उडदाचं पीठ, सकाळ-संध्याकाळ पेंड-भुशाचं आंबोण, सगळं मीच करायची. मालक घाटातून भंडाऱ्यानं पिवळे होऊन यायचे आणि जेवायला बसले की सगळी बारी पहिल्यापासून सांगायचे. हौश्या सुटला कसा, मधे जोडीदार कच खात होता तर ह्यानं त्याला कसं ओढून नेलं. भाकरी गार व्हायची, मी दुसरी टाकायची. इतक्या वर्षांच्या संसारात आमचं बोलणं सगळं त्या बैलावरूनच चाललं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. बैल गेला आणि कळलं.

उन्हाळ्यात गेला. पोटफुगी झाली आणि अर्ध्या दिवसात संपलं. मालक फर्स्ट शिफ्टला होते. त्यांच्या कंपनीत मोबाईल गेटवरच जमा करून घेतात. मी फोन लावत राहिले आणि तो तिथं कपाटात वाजत राहिला. ते घरी आले तेव्हा मी हौश्यावर माझी जुनी गोधडी घातली होती.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. खड्ड्याला जेसीबी आला. दहाव्याला दशक्रिया झाली, कीर्तन झालं, चौकात हौश्याच्या फोटोचा फ्लेक्स लागला. लांबलांबचे गाडामालक आले, मोठमोठ्या मिशांचे लोक आमच्या ओसरीवर बसून डोळे पुसत होते. जो तो मालकांच्या पाठीवर हात ठेवत होता. मी मागच्या बाजूला पंगतीचं बघत होते, वरणात मीठ आहे का, बुंदी पुरेल का. त्या एवढ्या माणसांत एकही जण मला म्हणाला नाही, की वहिनी, तुमचाही बैल गेला. मला फार वाईट वाटलं. कुणाला सांगणार?

त्या दिवसापासून मालक आटले. गोठ्याला कडी घातली आणि तिकडून जायचंसुद्धा बंद केलं. शिफ्टवरून आले की टीव्हीसमोर बसायचे, समोर काय चाललंय ते त्यांनाही माहीत नसायचं. आधी मी म्हटलं, दुःख आहे, ओसरेल. मग एकदा भांडण काढून बघावं म्हणून मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. ह्या माणसानं पूर्वी मिठावरून ताट सरकवलेलं आहे. त्या दिवशी मात्र सगळी आमटी संपवून, हात धुऊन उठले. मी चाखून बघितली, गिळवत नव्हती. त्या दिवशी मला खरी भीती वाटली.

घरात माणूस असून एकटं राहणं फार वाईट. कुणी नसतं तर निदान मोठ्यानं बोलता तरी आलं असतं.

तीन नंबरच्या खोलीत पुनम राहते, लातूरकडची. तिचा नवरा प्रेसशॉपला आहे. ती दिवसभर पोराला खेळवते आणि मोबाईलवर काहीबाही बनवते. एके दिवशी तिनं मला दाखवलं. बटाटा ताटातून आपला आपला चालत निघाला, कांद्याला धडकला आणि कढईत उडी मारून पडला. मी तोंडाला पदर लावून हसले.

“हे कसं गं केलंस?”

“काही नाही ताई. बटाटा थोडा सरकवायचा, फोटो काढायचा. परत थोडा सरकवायचा, परत फोटो. ॲप सगळे फोटो भराभरा पळवतं. बघणाऱ्याला वाटतंय, बटाटाच चालायलाय.”

बटाटा चालतो तर बैल का नाही पळणार? हे माझ्या डोक्यात आलं आणि तिथंच घर करून बसलं. भादव्याच्या अमावस्येला आमच्याकडे पोळा असतो. ज्यांच्या दावणीला बैल नाही, ते मातीचे बैल पुजतात. ह्या वर्षी आम्हालाही मातीचेच पुजावे लागणार होते. मग नुसते पुजायचे कशाला? मी हौश्या घडवणार, त्याला घाटात पळवणार आणि पोळ्याला मालकांना भेट देणार. ते बघून त्यांनी माझ्याशी बोलावं. बारीची गोष्ट सांगायचे तसं, जेवण गार होईपर्यंत बोलावं. मला दुसरं काही नको होतं.

हौश्याचे खरे व्हिडिओ होते की मोबाईलमध्ये. पण दीपमालानं एकदा त्यातला एक लावला तर मालक चप्पल घालून बाहेर निघून गेले. मातीचा बैल त्यांना बघवेल असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्या व्हिडिओंमध्ये मी कुठंच नव्हते. हा मी केलेला असणार होता.

गणपती झाले होते, बाजारात उरलीसुरली शाडू मिळाली. खोल्यांच्या बांधकामातली बारीक तार पडून होती, ती आत घालून चार बैल केले. पहिल्यांदा जे झालं ते बैल होते की शेळ्या, माझं मलाच सांगता येईना. वाळले की पाय तडकायचे, पुन्हा ओली माती लावायची. बाकीचे तीन कसेही चालले असते, पण हौश्या हौश्यासारखाच पाहिजे होता. डावं शिंग आत वळलेलं, मानेवर काळसर छटा, वशिंड थोडं कलतं. वशिंड करताना बघायलाही लागलं नाही. तिथं रोज माझा हात फिरायचा.

मालक शिफ्टला गेले की मी गोठ्याची कडी काढायची. पहिल्या दिवशी आत गेले आणि तो वास नाकात शिरला तशी गव्हाणीला धरून उभी राहिले. वास अजून त्याचाच होता. मग डोळे पुसले आणि कामाला लागले. फळीवर मुरूम थापून चढ केला. दोन्ही बाजूंना भुईमुगाच्या शेंगा उभ्या रोवल्या, ती गर्दी. काडेपेटीच्या काड्यांचा गाडा. खुरांखाली उडणाऱ्या धुळीला रांगोळी आणि भंडाऱ्याला घरातली हळद.

मोबाईल गव्हाणीला टेकवून ठेवला. मागच्या कॅमेऱ्यानं काढायचं तर दर फोटोला उठून पलीकडे जाऊन बघावं लागायचं, गुडघे बोलायला लागले. मग मी पुढचा कॅमेरा लावला. स्क्रीन माझ्याकडे, मी बसल्या जागी बघतेय, सरकवतेय, बटण दाबतेय. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

पण बैल पळतो कसा, हे कुठं मला माहीत होतं? त्याचे पाय कधी उचलतात, मान कधी खाली जाते? मग मी ते जुने व्हिडिओ काढले आणि हळू करून बघितले. मागचे दोन्ही पाय पोटाखाली येतात, अंग धनुष्यासारखं वाकतं आणि मग सबंध बैल जमिनीवरून सुटतो. इतकी वर्षं मी त्याला खायला घातलं आणि तो असा पळतो हे मला ठाऊक नव्हतं. मी ते पुन्हापुन्हा बघत राहिले, त्या दिवशी एकही फोटो काढला नाही.

मग रोजचं काम सुरू झालं. चारही बैल केसभर पुढं, पायाची तार जराशी वाकवायची, चिमूटभर रांगोळी, फोटो. पुन्हा केसभर. पत्र्याच्या भोकातून येणारा उजेड सरकायचा, ढग आला की सगळं काळवंडायचं. एकदा कोंबडी आत शिरली आणि निम्मी गर्दी टिपून गेली. मी तिला अशा शिव्या दिल्या की पलीकडच्या खोलीचं दार उघडलं. दुपारभर बसून काय व्हायचं, तर हौश्या एक झेप घ्यायचा. पण ती झेप बघितली की अंगावर काटा यायचा. काम करता करता मी त्याच्याशी बोलायला लागले. मालकांना जे सांगायचं ते सगळं त्या वितभर शाडूला सांगायची. तोही बिचारा ऐकून घ्यायचा, त्याला शिफ्ट नव्हती.

सगळं झालं आणि आवाज राहिला. घाटातली आरोळी पाहिजेच, ‘भिर्रर्र’ झाल्याशिवाय गाडा सुटत नाही. पण ती पुरुषांनी द्यायची. मी गोठ्याचं दार लावलं, कमरेला पदर खोचला आणि दिली ठोकून. पुनम पोराला काखेत मारून पळत आली.

“ताई, साप निघाला का?”

“न्हाई गं बाई. तू जा. मी बैल सोडतीये.”

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की संध्याकाळपर्यंत सगळ्या खोल्यांत बातमी पोचणार हे मी ओळखलं.

पोळा नेमका गुरुवारी आला, कंपनीच्या सुट्टीचा दिवस. मालकांनी त्या दिवशी ओव्हरटाइम घेतला होता, मला ते आदल्या दिवशी कळलं. मी म्हटलं, “उद्या जायचं न्हाई. सणाला घरी थांबायचं.” त्यांनी वाद घातला नाही. आताशा ते कशालाच वाद घालत नसत.

पुरणपोळीचं जेवण झालं. वस्तीतल्या लोकांचे बैल रंगवून, झुली घालून मिरवणुकीला निघाले होते. ताशांचा आवाज जवळ येत होता, मालक उठून दार लावायला गेले. मी त्यांच्या हातात मोबाईल दिला.

“काय हाय?”

“बघा तरी. तुमच्यासाठी केलंय.”

ते दारातच उंबऱ्यावर बसले. मी मागे उभी राहिले, त्यांच्या खांद्यावरून मलाही दिसत होतं. माझ्या आवाजातली आरोळी झाली, गाडा सुटला. शेंगांची गर्दी डोलली, धूळ उडाली. हौश्यानं अंग वाकवलं आणि झेप घेतली, एक, मग दुसरी, निशाणाकडे. हळद उधळली आणि संपलं. इतक्या दिवसांचं काम, पाणी प्यायला लागतो तेवढा वेळही टिकलं नाही. मालकांनी पुन्हा लावलं. पुन्हा बघितलं. त्यांची मान खाली होती, मला तोंड दिसत नव्हतं. माझा जीव कानांत गोळा झाला होता.

“हा हौश्या न्हाई,” ते म्हणाले.

“काय?”

“हौश्या उजव्या खांद्याचा. ह्यो डावीकडं पळतोय. आन शिंग बी उलटं. डावं शिंग आत व्हतं, हितं उजवं हाय.” त्यांनी मोबाईल उंबऱ्यावर ठेवला. “घाट बी उलट्या अंगाला चढवलाय.”

मी मोबाईल घेतला आणि बघितलं. खरंच होतं. गोठ्यात फळीवर सगळं बरोबर होतं, मी डोळे मिटूनही हौश्याला डावीकडे जुंपला नसता. पण तो पुढचा कॅमेरा! आरशात बघितल्यासारखं सगळं डावं-उजवं फिरवून ठेवलं होतं त्यानं. आणि मी रोज त्याच्याकडेच बघून काम करत होते, म्हणून माझ्या डोळ्यांना तेच सरळ दिसायला लागलं होतं. पाळलेल्या बैलाचा खांदा चुकवायचा, ह्याहून मोठी चूक आमच्या घरात होत नाही. आणि ती मी पोळ्याच्या दिवशी केली होती.

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी रडले असते. त्या दिवशी माझं डोकं फिरलं.

“मला सांगताय हौश्याचा खांदा?” मी म्हटलं. “मला? त्याला रोज दाव्याला कोण बांधत व्हतं? त्याच्या अंगावरची गोचीड कुणी काढली? घाटात तुमी, फोटोत तुमी, फ्लेक्सवर तुमी. लोक तुमच्या पाठीवर हात फिरवायला आले. माझ्या पाठीला काय काटे हायेत? सहा महिने झाले, तोंडातून सबूद न्हाई. आन आज काढला तर काय, खांदा चुकला! माझ्या हातातच मेला तो. कधी इचारलंत का, कसा मेला म्हणून?”

ताशेवाले आमच्या दारावरून चालले होते. मिरवणुकीतल्या एकानं आत बघून हात केला आणि आमची तोंडं बघून पुढे सरकला. मालक तसेच बसून होते. मला वाटलं, आता उठतील, चप्पल घालतील आणि जातील. मी तेवढीच वाट बघत होते. गेले असते तर मीही आकुर्डीची बस धरून लेकीकडे जाणार होते, हे मी मनात ठरवूनही टाकलं होतं.

“कसं इचारू?” ते म्हणाले. “सकाळी आंबोण शिवलं न्हाई त्यानं. मी बघितलं व्हतं. तू चूल पेटवत व्हतीस. मी म्हणलं, आल्यावर बघू. बस आली व्हती. बघून बी गेलो मी, रोहिणी.”

इतक्या महिन्यांत त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. मी खाली त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर बसले. माझा राग कुठं गेला ते कळलं नाही.

“किती वेळ व्हता?” त्यांनी विचारलं.

“दुपारपातुर.”

“काय करत व्हता?”

हे सांगावं की नाही, मला कळेना. मी ते आतापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. थोडं कमी करून सांगता आलं असतं, झोपेत गेला म्हणता आलं असतं. पण आता खोटं बोलले तर आमच्यात बोलायला पुन्हा काहीच उरणार नाही, असं मला वाटलं.

“आडवा पडला व्हता. रस्त्यानं कंपनीची बस गेली की कान उभं करायचा. कुठली बी बस. एकदा तर उठायला बघितलं त्यानं. मी डोकं मांडीवर धरून ठिवलं. डॉक्टर आला तवा संपलं व्हतं.”

मालकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलत होते आणि आवाज मात्र नव्हता. मी माझा हात त्यांच्या पाठीवर ठेवला, कारण दुसरं काय करतात ते मला माहीत नव्हतं. मिरवणूक वळणावरून पलीकडे गेली, ताशा लांब गेला. भाडेकरूंची पोरं रस्त्यातला गुलाल गोळा करत होती.

मग त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, सणाचं नवं धोतर होतं ते, आणि माझ्याकडे वळून बघितलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच नीट बघितलं.

“आन तू?” ते म्हणाले.

“मी काय?”

“तवा घरी कोन व्हतं तुझ्याजवळ?”

“कोन असनार? खोल्यांतली सगळी कामाला. पुनम गावी गेल्याली. मी एकटीच.”

“एकटीच,” ते म्हणाले. मग उंबऱ्यावरून थोडं सरकून त्यांनी मला चौकटीला टेकायला जागा केली. “सांग. पहिल्यापासनं सांग.”

आणि मी सांगायला लागले.